खंदकाबाहेरची खोली

फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा मुलानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आई, उन्हाळ्यात मला रजा मिळतेय. तुम्ही सगळे या, आणि अप्पांना आणायचंच. राहायचं कुठं ते तुम्ही ठरवा, मी बुक करतो." मुलगा तिकडे नोकरीला आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. ते भिंगारला एकटे राहतात. आई गेल्यावर मी त्यांना केडगावला आमच्या बंगल्यात येऊन राहा म्हणून पुष्कळदा सांगितलं, पण त्यांची गल्ली, त्यांचं विहार आणि शेजारचे काका सोडून त्यांना कुठं करमत नाही. नातू मात्र त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढला. मी बँकेत जायचे आणि पोरगं दिवसभर भिंगारला असायचं. त्यामुळे अप्पांना आणायचंच असं तो म्हणाला त्यात नवल काही नव्हतं. राहायचं कुठं ते मी ठरवलं, आणि तिथंच माती खाल्ली.

मला किल्ला हवा होता. का, ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. आमच्या शाखेतल्या एक बाई स्वित्झर्लंडला जाऊन आल्या आणि पुढचं वर्षभर आम्ही त्यांच्या मोबाईलमधला बर्फ बघत डबे खाल्ले. कॉलनीतल्या बायकांचं तेच. कुणी दुबई, कुणी बाली. मी आपली महाबळेश्वर, नाहीतर कोकण. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला मोल नव्हतंच, पण तिला बघायला माणसं मात्र हवी होती.

दुसरंही एक कारण होतं. मी भिंगारला वाढले. नगरचा भुईकोट किल्ला आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, पण लष्कराच्या ताब्यात. ठरावीक दिवशीच आत सोडत. एरवी आम्ही पोरं खंदकाच्या कडेनं फेऱ्या मारायचो आणि आत काय असेल यावर पैजा लावायचो. अप्पा छावणीतल्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकर होते, त्यामुळे या फाटकातून जायचं नि त्या फाटकातून जायचं नाही, हे आमच्या घरात रोजचंच होतं. कधीतरी एखाद्या किल्ल्याच्या खिडकीत बसून आतून बाहेर बघावं, असं मनात राहून गेलं होतं. हे कारण ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी ते सगळ्यांना सांगायचे. खरं कारण पहिलंच होतं.

तर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मुलगी बसायची. ती पुण्याला कॉलेजात आहे, तेव्हा सुट्टीला आलेली होती. नवरा चहाचा कप घेऊन मागून डोकवायचा. तिकडच्या जुन्या सरदारांच्या किल्ल्यांची आता हॉटेलं झाली आहेत, हे तिनंच शोधून काढलं. एक किल्ला शहरात होता, त्याला लिफ्टही होती, पण बाहेरून तो पुणे रोडवरच्या मंगल कार्यालयासारखा दिसत होता. दुसऱ्याच्या जेवणघरात चारी भिंतींवर हरणांची मुंडकी टांगलेली. नवरा म्हणाला, "हे सगळे बघत असताना घास कसा उतरणार?" मुलानं स्वतः भलतंच काही पाठवलं. किल्ला नव्हेच, शेतातलं दगडी घर. सगळ्या खोल्या एकाच पातळीवर, स्वयंपाकघर, अंगणात चेरीचं झाड. खाली लिहिलं होतं, "अप्पांना हे बरं पडेल."

मी उसळले. "शेतातल्या घरात राहायला फ्रान्सला कशाला जायचं? राहात्याला पेरूच्या बागा काय ओस पडल्यात?"

मुलगी हसली. नवरा हसला नाही. "त्यांच्या गुडघ्यांचा विचार कर," तो म्हणाला.

"करते ना. मीच करते नेहमी," मी म्हणाले.

आणि मग तो किल्ला सापडला. टोकदार टोप्या घातलेले चार बुरूज, भोवती पाण्यानं भरलेला खंदक, त्यावर लाकडी पूल, पाण्यात बदकं. एका बुरुजात चौघांसाठी खोली होती. गोल भिंत, दगडी चौकटीची उंच खिडकी, आणि खिडकीत बसायला दगडाचाच कट्टा. तो कट्टा बघितला आणि मनानं मी तिथं जाऊन बसलेच. कोणती साडी नेसायची तेही ठरवलं. पैठणी नको, उगाच लग्नाला आल्यासारखं दिसतं. इरकल बरी.

अडचण एकच, जिना. मुलीनं तिथं मेल करून विचारलं. तिथल्या व्यवस्थापक बाईंचं उत्तर आलं. बुरुजाचा जिना गोल, दगडी आणि अरुंद आहे. इमारत जुनी, सरकारी संरक्षणातली, तिला लिफ्ट बसवता येत नाही. पण तुमच्या आजोबांसाठी तळाला एक सुरेख खोली आहे, पुलाच्या पलीकडे, पूर्वीच्या तबेल्यात. एकही पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत, नाश्ता खोलीवर आणून देऊ. सोबत फोटो होता. पांढरीशुभ्र गादी, दगडी फरशी, आणि भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या जशाच्या तशा ठेवलेल्या.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

"अप्पा एकटेच बाहेर?" मुलीनं विचारलं.

"बाहेर कसलं? पूल ओलांडला की आलंच. आणि त्यांना पहाटे उठून खोकायची सवय, त्यांनाही मोकळं वाटेल."

मुलाला फोन करून मी बुक करायला सांगितलं. त्यानं विचारलं, "अप्पांना चालेल ना?" मी म्हटलं, "बोललेय मी त्यांच्याशी." बोलले होते, पण एवढंच, "अप्पा, तुमची खोली खालीच आहे, जिना चढायचा नाही." यात खोटं काही नव्हतं. खोटं न बोलता खोटं बोलायचं कसब बँकेत माणसाला फार लवकर येतं.

इथं अप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आजोबांचं घर राहात्याजवळच्या एका गावात होतं. त्या गावाला वेस होती. अजूनही आहे, आता रंगवलेली, वर लाइटच्या माळा सोडलेली. आमचं घर वेशीबाहेर, ओढ्याच्या काठाला. गावात पाय ठेवायचा तर काम असेल तेव्हाच ठेवायचा, हे आजोबांच्या पिढीनं पाहिलेलं आणि अप्पांनी लहानपणी थोडं भोगलेलं. ते तिथून शिकून भिंगारला नोकरीला लागले आणि परत राहायला गेले नाहीत. पण कुणी विचारलं की सगळं सांगतात, अगदी सरळ, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं.

आणि आमच्याकडे विचारणारे कमी नाहीत. केडगावला नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न, तुमचं गाव कोणतं, आणि दुसरा, पाहुणे कुठले. आडनावावरून आमचं काही कळत नाही. मी "राहात्याकडचे आम्ही" म्हणते आणि भाजीच्या भावावर येते. मी लपवते असं नाही, फक्त बोलायची वेळ येऊ देत नाही, असं मी स्वतःला सांगते. एकदा शेजारच्या बाईंनी आमच्या फाटकात अप्पांनाच गाठलं आणि गाव विचारलं.

"राहात्याजवळचं," अप्पा म्हणाले. "येशीबाहेर वढ्याच्या कडंला घर हुतं आमचं. आमी बौद्ध."

त्या बाई "हो का, या ना मग, चहा घेऊन जा" म्हणाल्या. याहून जास्त काही झालं नाही. पण मी लालबुंद झाले होते. घरात आल्यावर मी म्हणाले, "अप्पा, एवढी कुंडली सांगायची काय गरज होती?"

"तिनं इचारलं, मी सांगितलं," अप्पा म्हणाले. "त्यात लपवायचं काय हाय? आपन काय कुनाचं चोरून आनलंय का?"

माझा राग मात्र तसाच राहिला. माझं नेहमी असंच होतं. बाजू लंगडी असली की आवाज आधी चढतो.

तर अप्पांचा पासपोर्ट आला, व्हिसा झाला. त्यांनी पांढरे चालायचे बूट घेतले. नवे बूट चावतात म्हणून ते घरातल्या घरात घालून फिरायचे, संध्याकाळी शेजारच्या काकांबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. काका छावणीत अप्पांच्याच स्टोअरला होते. दोघांच्या घरांमधली भिंत छातीएवढी आहे आणि दोघांचा अर्धा दिवस त्या भिंतीवर कोपरं टेकून जातो. विहारात तर सगळ्यांना सांगून झालं होतं, नातवाकडं चाललोय, किल्ल्यात ऱ्हानार हाये. मी भिंगारला गेले की गल्लीतल्या बाया मलाच विचारायच्या, "म्हाताऱ्याला किल्ल्यात नेनार म्हनं?" मला तेव्हा फार बरं वाटायचं. लेक असावी तर अशी, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं आणि मी ते घेत होते.

निघायच्या थोडं आधी एका रविवारी मी अप्पांना आणि काकांना केडगावला जेवायला बोलावलं. मटण आणि बाजरीची भाकरी झाली, बडीशेपेची वाटी फिरली, आणि मुलीनं मोठ्या टीव्हीवर किल्ला लावला. वरून घेतलेला फोटो होता, सगळा परिसर दिसणारा. काका "बाबौ!" म्हणाले. अप्पा चष्मा पुसून पुढे सरकून बसले. पायात ते पांढरे बूट होते. घरात बूट घालून यायला मी एरवी कुणाला देत नाही, त्या दिवशी त्यांना दिलं होतं.

"आपन कुठं?" अप्पांनी विचारलं.

मुलीनं बुरूज दाखवला. "या खिडकीत आई बसणार, इरकल नेसून."

"अन् मी?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग मीच उठले आणि टीव्हीपाशी जाऊन बुरुजावर बोट ठेवलं. तिथून बोट खाली आलं, आतलं अंगण, मग पूल, खंदक, फाटक, आणि फाटकाच्याही बाहेर झाडांच्या कडेला एक बैठी लांबट इमारत होती, तिथं जाऊन थांबलं. एवढा लांबचा पल्ला असेल असं मला तोपर्यंत वाटलं नव्हतं.

"हितं काय हाय?" काकांनी विचारलं.

"पूर्वी घोडे बांधायचे," मुलगी हळूच म्हणाली. "आता हॉटेलच्याच खोल्या आहेत. छान आहेत आतून."

काका बडीशेप चावायचे थांबले. अप्पा टीव्हीकडे बघून हसले. "म्हंजी येशीबाहेर," ते म्हणाले.

ते हसले होते, चेष्टेवारी नेलं होतं. मी तेव्हाच गप्प बसले असते, त्यांच्याजवळ जाऊन बसले असते, तरी पुष्कळ झालं असतं. पण काका बघत होते, नवरा बघत होता आणि माझी बाजू पुन्हा लंगडी होती.

"काहीतरी काय बोलता अप्पा? तुमच्या गुडघ्यांसाठीच केलंय ना हे सगळं! आणि तिथं कुणाला माहीत आहे आपण कोण ते? त्यांना काय कळतंय वेस नि बीस!"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तिथं कुनालाच ठावं न्हाई, व्हय," ते म्हणाले. "पर तुला ठावं हुतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं आपण ऊठसूट म्हणतो. त्या दिवशी मला ते झालं. आणि त्यातही वाईट हे की मी ते मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. मला ते सुचलंच नव्हतं. जी गोष्ट घरात लहानपणापासून ऐकली, जिच्यामुळे मी केडगावला भाजीच्या भावावर येते, ती फोटो समोर असताना एकदाही माझ्या डोक्यात आली नाही, कारण माझं सगळं लक्ष खिडकीतल्या कट्ट्याकडे होतं. आणि सुचलं नव्हतं असं सांगून सुटकाही नव्हती. अप्पा म्हणाले ते खरंच होतं. मला ठाऊक होतं.

काकांना घेऊन ते रिक्षानं गेले. जाताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याशी "येतो गं" एवढंच बोलले.

दोन-चार दिवसांनी मी भिंगारला गेले. बूट खोक्यात घालून कपाटावर ठेवलेले होते. अप्पा भिंतीपाशी काकांबरोबर उभे होते, पायात नेहमीच्या चपला. "म्या काय येत न्हाई," ते म्हणाले. "तुमी जाऊन या. एवढ्या लांबचं मला झेपायचं न्हाई." गुडघ्याचं नाव काढलं, विमानात पाय आखडतात म्हणाले. काका दुसरीकडे बघत राहिले. मी "असं काय करता" वगैरे म्हणाले, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. परत येताना, भिंगारहून केडगावला, गाडी चालवताना माझ्या मनात आलं, नाही आले तर बरंच झालं. किल्लाही राहतो, बुरूजही राहतो, आणि तबेल्याचा प्रश्नच मिटतो. सिग्नलला गाडी थांबली आणि मी स्वतःलाच बघितल्यासारखं झालं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मला पुढं जायचं सुचेना.

घरी आले तर मुलाचा फोन. बहिणीनं त्याला सगळं सांगितलेलं. "आई, तू अप्पांना तबेल्यात ठेवलंस?" एवढंच त्यानं विचारलं. मी खोलीचं वर्णन करायला लागले, गादी, दांड्या, नाश्ता. त्यानं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग ती खोली एवढी चांगली आहे तर तू का नाही तिथं राहत?"

शेतातलं ते घर तोपर्यंत दुसऱ्या कुणी घेतलं होतं. मुलानं आणि त्याच्या वडिलांनी दोघांतच बोलून ठरवलं आणि मला फक्त कळवलं. बुरुजातली खोली सोडायची, तबेल्यातल्या ओळीनं असतील त्या खोल्या घ्यायच्या, सगळ्यांनी तिथंच राहायचं. मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले असं लिहायला मला आवडलं असतं. पण कॉलनीतल्या बायकांना मी बुरुजाचा फोटो केव्हाच दाखवलेला होता, आणि हो म्हणतानाही मला तोच आठवत होता.

ते सांगायला मी पुन्हा भिंगारला गेले. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते.

"समदेच बाहेर?" त्यांनी विचारलं.

"सगळेच."

"तू बी?"

"मी पण."

त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा त्यावर ठेवला. माझ्याकडे बघून मान हलवली, आणि उठून भिंतीपाशी गेले. "आवं, ऐकलं का?" त्यांनी काकांना हाक मारली. आवाज पार पलीकडच्या घरापर्यंत गेला असेल. "समदी पोरं माझ्यासंगं बाहेर ऱ्हानार हायेत! एक बी आत जायाचं न्हाई म्हनत्यात!" मग कपाटावरचं खोकं काढून द्यायला त्यांनी मला सांगितलं. मी स्टुलावर चढून ते काढलं. त्यांनी बूट घातले आणि नाडी बांधायला पाय पुढं केला. माझ्याकडून नाडी बांधून घ्यायची त्यांना कधीच सवय नव्हती.

गेलो आम्ही फ्रान्सला. विमानात अप्पांचे पाय आखडले नाहीत, माझेच आखडले. नातवानं त्यांना विमानतळावर उचलायचंच बाकी ठेवलं होतं. तबेला फोटोतल्यासारखाच होता. अप्पांनी पहिल्याच दिवशी भिंतीतल्या घोड्याच्या कडीला आपला टॉवेल अडकवला, टोपी अडकवली आणि म्हणाले, "लई सोय केलीय." दारापुढं लाकडी बाक होता. सकाळी ते त्यावर बूट घालून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात वर करायचे आणि नातू बोलेल ते ऐकत राहायचे. मी त्यांना इतकं खूश आई असतानासुद्धा क्वचितच पाहिलं होतं. आम्ही सगळे ओळीनं आपापल्या दारांत बसून चहा प्यायचो, घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीशी पाव खायचो. मलाही बरं वाटत होतं. हेही खरं आहे, ते नव्हतं असं नाही.

पण राहणाऱ्यांना किल्ला आतून बघायला मोकळा होता. एका दुपारी मी मुलीबरोबर गेले. इरकल नेसले होते, सहज म्हणून. बुरुजाच्या त्या खोलीचं दार उघडं होतं, आधीचे लोक गेलेले, एक बाई चादरी बदलत होती. मी खुणेनं विचारलं, ती हसून बाजूला झाली. मी जाऊन कट्ट्यावर बसले. मुलगी म्हणाली, "आई, चल ना," आणि खाली निघून गेली. खिडकीतून पूल दिसत होता, खंदकाचं पाणी, आणि पलीकडे तबेला. बाकावर अप्पा बसलेले दिसत होते, पांढऱ्या बुटांमुळे लगेच ओळखू आले. त्यांनी वर बघून हात केला. मीही केला. मग मी माझा फोटो काढला. तबेला दिसू नये म्हणून फोन जरा तिरका धरला, आणि तो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, आमची खोली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कप चहा घेऊन बाहेर आले तर अप्पा बाकावर बसून काकांशी व्हिडिओवर बोलत होते. काकांचा नंबर माझ्याकडे आहे, अप्पांच्या दुखण्याखुपण्याला असावा म्हणून घेतलेला. त्यांना माझं स्टेटस दिसतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"आवं, लेकीनं फोटू टाकलाय," काका मोठ्यानं म्हणत होते. "बुरुजातला. आमची खोली म्हनून लिवलंय. तुमी तर म्हनला हुता समदे बाहेर ऱ्हानार. मंग हे काय?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारात होते हे त्यांना माहीत होतं, चहाच्या कपांचा आवाज झाला होता. त्यांनी एक हात गुडघ्यावर टेकला आणि उठले. बाकापासून चार पावलं पुढं गेले, वळले, पाठ किल्ल्याकडे केली आणि फोन असा वर धरला की मागं तबेला राहिला नाही, नुसते बुरूज आले.

"व्हय," ते म्हणाले. "आल्या आल्या त्यांनी समद्यांना आत घेतलं."

"आन् जिना वं? गुडघ्याचं काय?"

"चढलो की हळूहळू," अप्पा म्हणाले. "लेकीनं हात धरला."